खुर्चीवाल्या मिस्त्रींची दाढ

मिस्त्रींशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या तोंडातल्या चुका संपायची वाट बघावी लागे. चुका म्हणजे खुर्चीच्या लाकडावर कापड ठोकायला लागणारे बारीक, चपट्या डोक्याचे खिळे. सकाळी दुकान उघडलं की ते मूठभर चुका तोंडात टाकत, गालात सारून ठेवत आणि जिभेनं एकेक पुढे आणून ओठांत धरत. डावा हात कापड ताणायला, उजवा हातोडीला, मग तिसरा हात म्हणून तोंडच उरतं, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांच्या वडिलांचाही तोच होता. "आमच्या ह्यांच्या तोंडून दिवसभर नुसत्या चुका निघतात," असं त्यांची बायको दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. तीस वर्षांत तिला या विनोदाचा कंटाळा आला नव्हता. गिऱ्हाईक हसे, मिस्त्री भुवया उडवत आणि पुढची चूक ठोकत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कापड उसवून सांगाडे झालेल्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या फोमच्या गुंडाळ्या आणि मागे खिडकीजवळ शिलाई मशीन. मशीनवर बायको खोळी शिवायची आणि शिवता शिवता बोलायची. बोलायचं काम तिच्याकडे आणि मान डोलवायचं यांच्याकडे, अशी वाटणी आपोआप होऊन गेली होती.

दाढेचं दुखणं थंडीत सुरू झालं. खालची, उजवीकडची, मागून दुसरी. आधी गार पाण्यानं सणक जायची. मग गरम चहानंही जायला लागली, आणि एकदा गेली की अर्धा अर्धा तास उतरायची नाही. पुढे काही न खाता-पिताही दाढ ठणकू लागली, आडवं झालं की जास्तच. मिस्त्रींनी चुका डाव्या गालात ठेवायला सुरुवात केली. दाढेत लवंग धरून पाहिली, औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या.

"दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी मान डोलावली. मान डोलली तरी पाय जागचे हलत नाहीत, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

आणि मग दहाव्या-बाराव्या दिवशी दुखणं अचानक थांबलं. एका सकाळी त्यांनी घाबरत घाबरत चूळ भरली आणि काहीच झालं नाही. गार पाणी पिऊन पाहिलं, चहा उजव्या बाजूनं पिऊन पाहिला. दाढ गप्प.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "गेली. जाऊन काय केलं असतं?"

ठणकणारी दाढ आपण होऊन गप्प बसते हे बायकोला पटत नव्हतं, पण नाही पटत म्हणून दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं.

थंडी सरली, ऊन तापायला लागलं, आणि मिस्त्रींना दोन रस्ते पलीकडच्या दाताच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. दवाखान्यात दोन खुर्च्या होत्या. आतल्या खुर्चीचं रेक्झिन तडकलं होतं आणि फोम बसला होता. खुर्ची जमिनीला बोल्टानं बसवलेली, तिच्या पोटातून पाण्याच्या आणि हवेच्या नळ्या गेलेल्या, त्यामुळे ती उचलून दुकानात आणणं शक्य नव्हतं. तीन दिवस तिथेच जाऊन काम करायचं ठरलं. मिस्त्री अवजारांची पेटी घेऊन गेले, पण दवाखान्याच्या पायरीवर क्षणभर थबकले. तो वास त्यांनी अडतीस वर्षांपूर्वी एकदा घेतला होता आणि तो अजून तसाच होता.

डॉक्टरबाई पंचेचाळिशीच्या, आवाज बारीक पण स्पष्ट. हाताखाली एक सिस्टर होती, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. दोन खुर्च्यांच्या मध्ये छातीइतकं उंच लाकडी पार्टिशन आणि त्यावर धुरकट काच. मिस्त्री आतल्या बाजूला काम करत, डॉक्टरबाई बाहेरच्या बाजूला.

खुर्ची उसवण्याआधी तिच्याभोवती एकदा फिरायची मिस्त्रींची सवय होती. खुर्ची कुठे झिजली यावरून बसणारा कसा बसतो ते कळतं. हिशेबनिसाची खुर्ची एका कोपरावर झिजते, म्हाताऱ्या माणसाची बैठकीच्या पुढच्या कडेला. ही खुर्ची मात्र वेगळीच झिजली होती. बैठक धड होती. पाठ थोडी बसली होती, इतकंच. पण दोन्ही हातांची पुढची टोकं फाटून आतला फोम बाहेर आला होता आणि तिथे नखांच्या बारीक खुणा होत्या.

दुपारी डॉक्टरबाई चहा घ्यायला आत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, बाकी खुर्ची अजून चालली असती. हातच असे का फाटलेत?"

"लोक धरून बसतात, मिस्त्री."

"इतकं दुखतं?"

"दुखायच्या आधी धरतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भूल चढली की हात आपोआप सुटतात. पण तोवर तुमच्या रेक्झिनचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

मिस्त्रींना हे उत्तर पटलं नाही. डॉक्टर असं म्हणणारच, त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी पार्टिशनच्या पलीकडे एक शिक्षिका आल्या. वर्गात चाळीस मुलांना गप्प करणारा आवाज, पण आता तो थरथरत होता. रूट कॅनाल करायचं होतं. मिस्त्रींनी हा शब्द लोकांच्या तोंडून ऐकला होता, तोही नेहमी डोळे मोठे करून सांगितलेला. त्यांनी हातोडी हळू केली.

"खरं सांगा, किती दुखेल?" शिक्षिकाबाई विचारत होत्या.

"भुलीची सुई टोचताना थोडं लागेल. नंतर दाबल्यासारखं वाटेल, कंप जाणवेल, आवाज येईल. दुखायला नको. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. आज घरी गेल्यावर ओठ आणि अर्धी जीभ बधिर असेल, ती उतरेपर्यंत काही खाऊ नका, नाहीतर स्वतःचीच जीभ चावाल आणि कळणारही नाही. दोन-तीन दिवस दाढ ठुसठुसेल. ते होतं."

मग यंत्राची घरघर सुरू झाली. मिस्त्री किंकाळीची वाट बघत कापड ताणत राहिले. पाव तास झाला, अर्धा तास झाला. किंकाळी आली नाही. त्याऐवजी एक वेगळाच आवाज यायला लागला, घरघरीपेक्षा जाड आणि तालातला. सिस्टर काहीतरी घ्यायला आत आली तेव्हा मिस्त्रींनी भुवयांनी विचारलं, हे काय?

"झोपल्यात," सिस्टर कुजबुजली. "होतं असं. आठ दिवस झोप नसते बिचाऱ्यांना."

मिस्त्री त्या दिवशी घरी जाताना विचारात होते. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं की दवाखान्यात एक बाई घोरत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उजवा गाल फुगला होता. दाढ फारशी दुखत नव्हती, पण दात दातावर टेकवला की उंच झाल्यासारखी वाटत होती. बायको पहाटेच्या गाडीनं बहिणीकडे गेली होती, त्यामुळे बघायला कोणी नव्हतं. मिस्त्रींनी गळ्याभोवती पंचा गुंडाळला, गालापर्यंत वर घेतला आणि काम संपवायला गेले. खुर्चीचं काम जवळजवळ झालंच होतं. डोक्याच्या उशीची खोळ चढवायची आणि कडेला चुकांची शेवटची ओळ मारायची, की निघायचं.

सिस्टर दोनदा आत येऊन गेली. तिसऱ्यांदा आली आणि उभीच राहिली.

"काका, गाल कधीपासून सुजलाय?"

"चुका आहेत तोंडात," मिस्त्री पंच्याआडून म्हणाले.

"चुकांचा डबा तर माझ्यासमोर आहे. भरलेला."

मिस्त्रींना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे दुसरं खोटं लगेच सुचलं नाही. सिस्टर डॉक्टरबाईंना बोलावून घेऊन आली. बाहेरच्या खुर्चीत पेशंट होता. मोकळी खुर्ची एकच होती, आणि तिच्यावरची शेवटची ओळ मिस्त्रींनी नुकतीच मारली होती.

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नुसतं बघते. बघण्यापलीकडे तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही."

मिस्त्री बसले. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले आणि बोटं टोकाशी वळली. नवीन रेक्झिन करकरलं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आज तो आपल्याच बोटांतून येतोय हे कळून त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

एक्स-रे काढला. पडद्यावर दाढ दिसली, खाली दोन मुळं, आणि एका मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग.

"ही दाढ थंडीत ठणकत होती?"

"होती. मग बरी झाली."

"बरी झाली नाही, मिस्त्री. आतली नस मेली. मेल्यावर दुखायचं थांबलं."

मिस्त्रींनी पडद्याकडे बोट केलं. "मेली तर मग आता सूज कुठून आली?"

डॉक्टरबाईंना हा प्रश्न आवडला असावा. त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "दाढेच्या पोटात एक बारीक पोकळी असते, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथपर्यंत पोचली की नस सुजते. चारी बाजूंनी कडक भिंत, सुजायला जागा नाही, म्हणून तेवढं ठणकतं. मग ती मरते आणि सगळं शांत होतं. पण मेलेलं आतच कुजत राहतं आणि ती घाण मुळाच्या टोकातून हळूहळू हाडात उतरते. हाड जिवंत आहे. आता दुखतंय ते त्याचं. हा काळा डाग म्हणजे तेवढं हाड गेलंय."

"गोळ्या द्या ना मग. सूज उतरेल."

"उतरेल. आणि परत येईल. गोळी रक्तातून जाते, आणि या दाढेच्या पोटात आता रक्तच जात नाही. आतून साफ केल्याशिवाय उपाय नाही. दोनच रस्ते आहेत. एक, दाढ काढायची. दुसरा, आत शिरून साफ करून, भरून बंद करायची. दाढ वरून बरीच शाबूत आहे, म्हणून मी दुसरा रस्ता सांगेन. पण त्याला तीन-चार खेपा लागतील, शेवटी वर टोपी बसवावी लागेल, आणि शंभर टक्के टिकेलच असं लिहून देता येत नाही. बहुतेक टिकतात. तुम्ही ठरवा."

दाढ काढायची म्हटल्यावर मिस्त्रींच्या मानेवर काटा आला. त्यांनी दुसऱ्या रस्त्याला मान डोलावली. या वेळी पाय हलायचा प्रश्न नव्हता, ते बसलेलेच होते.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"रक्तदाबाची एक गोळी."

"एकच?"

मिस्त्री म्हणाले, एकच. डॉक्टरबाईंनी तरीही बायकोला फोन लावायला सांगितला. फोन लाऊडस्पीकरवर होता. बायकोनं बहिणीच्या घरून तीन गोळ्यांची नावं घडाघडा सांगितली, कुठली सकाळी, कुठली जेवणानंतर, तेही सांगितलं. त्यातली एक रक्त पातळ ठेवायची होती, दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं तेव्हापासूनची. मग ती म्हणाली, "पण तुम्ही कोण, आणि हे कुठे आहेत?"

"दाताचा आणि छातीचा काय संबंध म्हणून बोललो नाही," मिस्त्री पुटपुटले.

"संबंध मी बघते. तुम्ही फक्त सांगत चला." डॉक्टरबाईंनी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. गोळी बंद करायची नाही, काम करायला हरकत नाही, असं ठरलं. "आणि हे लक्षात ठेवा, ही गोळी कधीही आपल्या मनानं थांबवायची नाही. दातासाठी तर नाहीच."

मग बाहेरच्या पेशंटला मोकळं करून त्यांनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि भुलीची सुई हातात घेण्याआधी म्हणाल्या, "सूज असली की भूल कधीकधी कमी धरते. लागलं तर आणखी देईन. सहन करून दाखवायचं नाही, इथे त्याचं कौतुक नाही. डावा हात वर केलात की मी थांबणार."

सुई टोचली तेव्हा मुंगी चावल्यापेक्षा जरा जास्त लागलं. दहा मिनिटांत ओठ जाड झाला, जीभ अर्धी परकी झाली. यंत्र सुरू झालं. दाढेवर कंप आला, आणि तेवढ्यात मिस्त्रींचा डावा हात वर गेला.

यंत्र तिथल्या तिथे थांबलं.

"दुखतंय?"

मिस्त्रींनी मान हलवली, नाही.

पुन्हा सुरू झालं. पुन्हा हात वर. पुन्हा थांबलं. "दुखतंय?" नाही. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा सिस्टरनं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाई चष्म्यावरून मिस्त्रींच्या डोळ्यांत बघत होत्या.

"मी थांबते की नाही ते बघताय ना?" त्या म्हणाल्या. "बघा. हवं तितक्या वेळा बघा. घाई नाही."

मिस्त्रींच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. सिस्टरनं ते कागदानं टिपलं. त्यानंतर त्यांचा हात शेवटपर्यंत वर गेला नाही. दाढ वरून उघडल्यावर आतली घाण बाहेर आली, एक कडू वास आला आणि गालातला ताण सैल होत गेला. हाताची बोटं केव्हा सुटली ते त्यांना कळलं नाही.

बायको निरोप मिळताच निघून संध्याकाळच्या आत घरी पोचली. मिस्त्री खिडकीशी बसले होते, ओठ अजून थोडा वाकडा. तिनं चहा केला. बधिरपणा गेला नसेल तर थांबा, डॉक्टरांनी सांगितलं असेलच, असं म्हणून तिनं तो झाकून ठेवला. चहा गार होईस्तोवर मिस्त्रींनी तिला एक गोष्ट सांगितली. ती एकोणीस वर्षांच्या एका पोराची होती. तो दुसऱ्या गावी एका कारखान्यात गादीकाम शिकत होता. त्याची दाढ दुखत होती. दात काढणाऱ्या माणसानं सुई दिली, पण ती चढायच्या आत पक्कड घातली. पोरानं हात वर केला, डोकं हलवलं, ओरडला. त्या माणसानं बरोबर आलेल्या दोघांना सांगितलं, खांदे धरा. त्यांनी धरले. ते मित्रच होते त्याचे, आणि नंतर कित्येक दिवस ते ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगत असत. तोही हसायचा.

"मला कधी बोलला नाहीत," बायको म्हणाली.

"बोलण्यासारखं काय होतं त्यात?"

ती उठली आणि तिनं चहा पुन्हा गरम केला.

दुसरी खेप आठवड्यानं होती. सूज उतरली होती, दुखत नव्हतं, आणि जायला हवं का, असा विचार मिस्त्रींच्या मनात येऊन गेला. बायकोनं तो चेहऱ्यावरच वाचला. "मागच्या वेळी दुखायचं थांबलं तेव्हाही तुम्ही असेच दिसत होतात," ती म्हणाली, आणि चप्पल घालून बरोबर निघाली.

त्या खेपेला डॉक्टरबाईंनी दाढेभोवती पातळ रबराचा पडदा लावला, चौकटीवर ताणून, मधल्या भोकातून फक्त दाढ बाहेर. थुंकी आत जाऊ नये आणि आतलं काही घशात पडू नये म्हणून. मिस्त्रींनी डोळे खाली करून तो ताण बघितला. चारी कोपरे सारखे होते. काम येतंय बाईंना, त्यांना वाटलं, आणि त्यांच्या मनातली उरलीसुरली भीती त्या क्षणी गेली. पुढे सुईहून बारीक कानशी आल्या, क्रमानं जाड होत जाणाऱ्या. मुळाची लांबी मोजणारं एक यंत्र टोकाशी पोचलं की टुंकटुंक करायचं. दोन मुळांत तीन नळ्या निघाल्या. चौथी आहे का म्हणून डॉक्टरबाईंनी भिंग लावून वीस मिनिटं शोधलं. ती नव्हती. नसलेली गोष्ट वीस मिनिटं शोधणाऱ्या माणसाबद्दल मिस्त्रींना आदर वाटला.

मात्र ते तास-दीड तास पडून राहिले आणि त्यांना दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. मानेखाली, उशीच्या बरोबर मध्यावर, एक शिवण होती. सुरुवातीला जाणवली नाही. अर्ध्या तासानं जाणवायला लागली आणि तासाभरानं तिच्याशिवाय दुसरं काही जाणवेना. ती शिवण त्यांनीच तिथे घेतली होती. छत्तीस वर्षं ते उशीची शिवण मध्यावरच घेत आले होते, कारण दिसायला ती तिथे सरळ दिसते. आपण केलेल्या खुर्चीत आपण कधी तासभर बसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. खुर्ची झाली की हातानं दाबून बघायचं, एकदा टेकायचं, की गिऱ्हाइकाला निरोप. दुसऱ्या दिवशी ते बायकोनं शिवलेली नवी खोळ घेऊन आले आणि शिवण कडेला नेऊन बसवली. सिस्टर म्हणाली, जुनी काय वाईट होती? मिस्त्री म्हणाले, "तू तासभर पडून बघ."

तिसऱ्या खेपेला नळ्या भरल्या. रबरासारखा एक पदार्थ ठासून बसवायचा, पोकळी ठेवायची नाही. वर पक्कं सिमेंट. "आता टोपी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन आठवड्यांत या. ही दाढ आता कोरून पोकळ झालीय, वरून दिसते तेवढी मजबूत नाही. तोवर या बाजूनं कडक काही चावू नका."

आणि नेमकं त्याच आठवड्यात एका नाट्यगृहाचं काम आलं, दोनशे खुर्च्या. दोन आठवड्यांचे सात झाले. सिस्टरचे तीन फोन येऊन गेले. प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणाले, येतोच, दाढ अगदी छान आहे. मग एके सकाळी भाजलेल्या कडक पावाचा तुकडा त्यांनी विसरून उजवीकडे चावला. कट् असा आवाज आला. त्यांनी हातावर थुंकलं. पावात दाढेचा कोपरा होता.

दुखलं मात्र काहीच नाही. ज्या दुखण्याला ते जन्मभर घाबरले, ते या वेळी असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ते अंगावरच्या कपड्यांनिशी, तो तुकडा कागदात गुंडाळून दवाखान्यात गेले. रागावणं ऐकायची तयारी ठेवून खुर्चीत बसले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आत नीट पाहिलं आणि श्वास सोडला.

"हिरडीच्या वरच तुटलीय. नशीब. मुळाकडे चीर गेली असती तर एवढं सगळं वाया गेलं असतं आणि काढावीच लागली असती. या दाढेत नस नाही, मिस्त्री. ती आता तुमच्याकडे तक्रार करणार नाही. तिची काळजी तुम्हालाच आठवणीनं घ्यावी लागेल."

माप घेतलं, आठवड्यानं टोपी आली, बसली. पहिले दोन दिवस उंच वाटली, म्हणून जाऊन घासून घेतली. चुका तोंडात धरायच्या नाहीत, असं डॉक्टरबाईंनी तेव्हाच सांगितलं. पुढच्या दातांच्या कडांना पडलेल्या बारीक खाचा त्यांनी आरशात दाखवल्या. मिस्त्रींच्या पेटीत लोहचुंबकाच्या डोक्याची एक हातोडी वर्षानुवर्षं पडून होती. चूक तिला आपोआप चिकटते, तोंडाची गरज नाही. वडिलांनी ती कधी वापरली नाही म्हणून यांनीही वापरली नव्हती. ती बाहेर आली. पहिले आठ दिवस हात अडखळला, मग बसला.

मोकळ्या तोंडाचं करायचं काय, हा प्रश्न उरला. हळूहळू मिस्त्री बोलायला लागले. आधी कापडाबद्दल, मग गिऱ्हाइकांबद्दल, मग वडिलांबद्दल. बायको मशीन थांबवून ऐकायची. मध्येच "हो का?" म्हणायची. कधी एखाद्या दुपारी तिला वाटे की हा माणूस आता गप्प बसेल तर बरं, पण तसं तिनं बोलून दाखवलं नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा एक्स-रेला बोलावलं. काही होत नसताना दवाखान्यात जायची मिस्त्रींची ही पहिलीच वेळ. पडद्यावर जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. जुन्यात मुळाच्या टोकाशी काळा डाग होता. नव्यात तिथे राखाडी जाळी दिसत होती, कडेकडेनं आत सरकलेली.

"तिथे तुम्ही काय भरलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"तिथे काही नाही भरलं. मी फक्त मुळाच्या आत भरलं. हे हाड आहे, तुमचं तुम्हीच भरताय. अजून पुरतं भरायचंय, वर्षभरानं परत बघू."

मिस्त्री पुढे वाकून बघत राहिले. जन्मभर त्यांनी पोकळ्या भरल्या होत्या, काथ्यानं, कापसानं, फोमनं, आणि त्यातली एकही आपण होऊन भरलेली त्यांना आठवेना. त्यांनी त्या चित्राची एक प्रत मागून घेतली. घरी बायकोनं ती उजेडाला धरली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली की तिला सगळं सारखंच काळं दिसतंय. मग मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवलं.

हल्ली दुकानासमोरून जाताना मिस्त्री काम सोडून खुर्चीत बसलेले दिसतात. खुर्ची पूर्ण झाली की ते तिच्यात तासभर बसतात, घड्याळ लावून. शेजारचा कुलुपवाला चिडवतो की मिस्त्रींनी निवृत्ती घेतली. परवा एक बाई जुनी आरामखुर्ची हातगाडीवर घालून आल्या. त्यांनी बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक समजून विचारलं, मिस्त्री कधी येतील. मिस्त्री म्हणाले, अजून वीस मिनिटं आहेत, तोवर ही खुर्ची कोणासाठी, आणि त्यांची पाठ कुठे दुखते, ते सांगा.